सोळा वाट्या आणि एक बोट

मंडळी, जरा पुढं सरकून बसा. मागं बसणाऱ्याला पुण्य कमी मिळतं असं शास्त्रात कुठं नाही, पण आवाज कमी येतो. आणि आजचं आख्यान आवाजाचंच आहे.

प्रश्न एकच. देवानं माणसाच्या हाताला एक आवड दिली. माणसानं ती टाकली नाही, विकली नाही, मोडली नाही. नुसती ठेवून दिली — सवडीनं बघू म्हणून. यात पाप आहे का? बघा, पाटीलबुवा मान हलवतायत. हो म्हणतायत की नाही म्हणतायत, ते त्यांचं त्यांनाही ठरवता आलेलं नाही. ठीक आहे. ऐका.

लांज्याच्या एस.टी. स्टँडवर मोरेश्वर शेट्ये नावाचे वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे खिडकीत बसायचं, गाडी आली की वहीत लिहायची, सुटली की लिहायची, आणि कर्ण्यावरून गावाला सांगायचं. एकतीस वर्षं हेच. घरी चहाचा कप समोर आला तरी हा माणूस मनात म्हणायचा, 'आगमन पाच वाजून दहा मिनिटं.' बशीत ओतला की प्रस्थान.

याच मोरेश्वररावांना तरुणपणी जलतरंगाचा नाद होता. चिनी मातीच्या सोळा वाट्या अर्धगोलात मांडायच्या, पाणी कमीजास्त करून स्वर लावायचा, आणि दोन बारीक काड्यांनी वाजवायचं. मोठी वाटी खालचा स्वर, लहान वाटी वरचा. पुढं लग्न झालं, बदल्या झाल्या, मुलगी झाली. वाट्या माळ्यावर गेल्या असत्या तरी वाचल्या असत्या. त्या स्वयंपाकघरात गेल्या! आणि मंडळी, एकदा वाटी स्वयंपाकघरात गेली की ती स्वराची राहत नाही, कोशिंबिरीची होते.

निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांत एक गोष्ट झाली. बायको सुलभाबाई, त्यांना कुकरची शिट्टी ऐकू येईना. तीन वेळा डाळ करपली. रत्नागिरीला डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "कान उतरतायत. आधी बारीक, वरचे आवाज जातील, मग हळूहळू खालचे. मशीन बसवू, पण फार आशा ठेवू नका."

परतीच्या गाडीत सुलभाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. पाली गाव मागं पडल्यावर म्हणाल्या, "अहो, ते तुमचं जलतरंग. एकदा वाजवा की. मला येतंय तोवर."

मोरेश्वररावांना एवढंच ऐकू आलं की बायकोनं काम सांगितलंय. आणि काम म्हटलं की वही आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी रजिस्टर आणलं, पट्टीनं रकाने आखले. वाटी क्रमांक. स्वर. शेवटचा थांबा. सद्यस्थिती. अपेक्षित आगमन. आणि घरभर शोध सुरू केला. सातवी वाटी शेजारी पाध्येवहिनींकडे. सद्यस्थिती, लिंबाचं लोणचं. अपेक्षित आगमन, लोणचं संपल्यावर. अकरावी देवघरात, तीत गंध. तिसरी मांजरीच्या ताब्यात, वाटाघाटी चालू. चौदावी नाशिकला लेकीकडे, नातीला तिच्याशिवाय वरणभात जात नाही. पंधरावीत न्हाव्याचा साबण. ही न्हाव्याकडं कशी गेली, हे न्हाव्यालाही सांगता आलं नाही. सोळावी, सगळ्यांत लहान, फुटली. 'कायमची रद्द.'

हसू नका. तुमच्या घरातली वाजवायची पेटी कुणाच्या कपड्यांखाली आहे, मला माहीत आहे.

रोज संध्याकाळी मोरेश्वरराव रजिस्टर घेऊन बसत आणि लाल शाईनं नोंदी करत. सुलभाबाई विचारत, "आज वाजवताय?"

"अगं, अकराच जमल्यात."

पुढच्या महिन्यात तेरा झाल्या.

"आता?"

"वरच्या तीन नाहीत. वरचा स्वर नसला तर ते जलतरंग कसलं?"

सुलभाबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "एकतीस वर्षं गाड्या सोडल्यात ना? सगळी शिटं भरल्याशिवाय एक तरी गाडी थांबवून ठेवलीत का? पावसाळ्यात सात माणसं घेऊन सुटायची राजापूरची. वेळ झाली की सुटायची."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

मोरेश्वररावांनी रजिस्टर मिटलं. आणि चप्पल घालून बाहेर पडले. मंडळी, नवरा निरुत्तर झाला की बाजारात जातो. बाजारपेठा अशाच वसलेल्या आहेत.

न्हाव्याला प्लॅस्टिकची वाटी देऊन पंधरावी सोडवली. नाशिकहून चौदावी पार्सलनं आली, एका कडेला भाताचं शीत तसंच. उरली सोळावी. काडी घेऊन ते भांड्यांच्या दुकानात गेले आणि एकेक वाटी कानाशी धरून वाजवू लागले. दुकानदार पुढं आला. मग म्हणाला, "काका, आमटीला हवी का भाजीला?"

"तार सप्तकातला पंचम हवाय."

"पंचम नाही आला अजून. निळ्या फुलांची आहे, पांढरी आहे."

चार गावं झाली, एकोणीस दुकानं झाली. देवरुखच्या बाजारात शेवटी पंचम सापडला, निळ्या फुलांचाच. डॉक्टरांकडून आले त्याला आता पाच महिने होऊन गेले होते.

दिवेलागणीला ओटीवर सतरंजी अंथरली. सोळा वाट्या मांडल्या. तांब्यानं पाणी घातलं, चमच्यानं काढलं, स्वर लावले. सुलभाबाई धुतलेलं पातळ नेसून समोर बसल्या. मोरेश्वररावांनी हौसेनं सगळ्यांत आधी सोळाव्या वाटीवर काडी मारली. पाण्यावर बारीक वलय उठलं.

सुलभाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. हसऱ्या तोंडानं. वाट बघत.

त्यांनी पुन्हा मारली.

"मारा की," सुलभाबाई म्हणाल्या.

त्यांनी पंधरावीवर मारली. मग चौदावीवर. बाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तेराव्या वाटीवर काडी पडली तेव्हा त्या म्हणाल्या, "हां. आली. छान लागलीय."

ज्या तीन वाट्यांसाठी माणूस थांबला होता, मंडळी, नेमक्या त्याच तीन. तो दुकानं फिरत होता तेव्हा त्या स्वरांची गाडी घरातून सुटली होती, आणि तिची नोंद कुठल्याच वहीत नव्हती.

मोरेश्वररावांनी काड्या खाली ठेवल्या. बोलून उपयोग नव्हता, हळू बोललेलं बाईंना आता पोचत नव्हतं. पण नवऱ्याचा चेहरा वाचायला कान लागत नाहीत. त्या उठल्या, पलीकडून येऊन वाट्यांजवळ बसल्या आणि सोळाव्या वाटीच्या पाण्याला उजव्या हाताचं बोट अलगद टेकवलं.

"आता मारा."

त्यांनी मारली. बोट टेकलं म्हणून स्वर थोडा उतरला. शास्त्राप्रमाणे बेसूर.

"आली," बाई म्हणाल्या. "गुदगुल्या करते."

मग त्यांनी भूप वाजवला. हात अडखळत होता, मधली दोन वळणं साफ विसरली होती. खालचे स्वर बाई कानानं घेत होत्या, वरचे बोटानं. पाध्येवहिनी कुंपणाशी आल्या. लोणच्याचं विचारायला आल्या होत्या, विचारायचं विसरल्या.

आता रोज वाजतं. तेच रजिस्टर चालू आहे, फक्त रकाने बदललेत. तारीख. काय वाजवलं. किती वाट्या कानाला, किती बोटाला. पहिल्या दिवशी तेरा आणि तीन. चैत्रात बारा आणि चार. गेल्या आठवड्यात दहा आणि सहा. बेरीज सोळाच येते. अजून तरी.

तर मंडळी, पाप आहे का नाही? मी सांगत नाही. मी फक्त विचारतो. तुम्ही सोडलेलं जे काही आहे — गाणं असेल, चित्र असेल, कुणाची पेटी, कुणाचं विणकाम — ते ऐकायला, बघायला, अंगात घालायला जे माणूस घरात वाट बघत बसलंय, त्याच्याजवळ किती वेळ आहे? तुमच्याजवळ किती आहे ते नका सांगू. तुम्हाला भरपूर आहे, तुम्ही कीर्तनाला आलाय.

वही घ्या, तारीख घाला, आणि पहिल्या ओळीत लिहा, 'आज वाईट वाजवलं.' त्या विठ्ठलाला तेवढी नोंद पुरते. तयारी पूर्ण झाल्यावर येतो म्हणणाऱ्यांची यादी त्याच्याकडं आधीच फार मोठी आहे.

चला, नाम घ्या. सुरात येत नसेल त्यांनी आधी घ्या.