खालच्या चार ओळींचा भाव

टाळ जरा थांबवा, मंडळी! आज देवाच्या दारात मी बाजारातला प्रश्न घेऊन उभा आहे. सांगा — ज्या विद्येनं खिसा भरत नाही, ती विद्या वाया गेली का? हं? खांबाजवळचे काका मान हलवतायत. काकांच्या घरी नक्की कुणीतरी बी.ए. झालंय!

ऐका तर. सांगलीच्या हळदीच्या बाजारात तातोबा कोरे नावाचे व्यापारी. पेढी मोठी, पोट त्याहून मोठं, आणि मन — मनाचं पुढे बघू! थोरला प्रसन्न इंजिनिअर, पेढीवरच बसायचा. धाकटी वैजयंती पुण्याला गेली, आणि शिकली काय? इंग्रजी साहित्य! तेही लिबरल आर्ट्सच्या कॉलेजात. म्हणजे कादंबऱ्या वाचायच्या, कविता वाचायच्या आणि त्यांवर बोलत बसायचं. तीन वर्षांची फी पंधरा लाख! तातोबा जो भेटेल त्याला सांगायचे, "एक ट्रक हळद गेली बघा. ट्रकभर!"

आता त्या बाजाराची एक जुनी रीत. भाव तोंडानं बोलायचा नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरायची. बोटांवरून भाव! बाहेरच्याला काही कळत नाही. शेजारच्या पेढीचे मल्लूशेठ मोठे थट्टेखोर. एक दिवस त्यांनी रुमाल टाकला, म्हणाले, "धर बोटं, तातोबा! पोरीच्या पदवीचा भाव काय?" तातोबा हसले — आणि एकही बोट न धरता रिकामा हात बाहेर काढला. आख्खी पेढी खिदळली! आणि दारात जेवणाचा डबा घेऊन कोण उभी? पदवी घेऊन घरी परतलेली वैजयंती! तिनं डबा ठेवला आणि ती निघून गेली. तातोबांनी डबा उघडलाच नाही. पण पोरीची माफी मागायची तर व्यापाऱ्याची जीभ वळते का हो?

पंधरा दिवस गेले आणि हॉलंडहून ईमेल आली. तिथला डर्क नावाचा म्हातारा अकरा वर्षं तातोबांचा माल घेत होता. पहिल्या वर्षी सांगलीत येऊन त्यांच्या घरी जेवूनही गेला होता. अठ्ठावीस लाखांचा कंटेनर बंदरात पोचलेला, आणि पत्र काय म्हणतं? रंग फार गडद आहे. शुक्रवारपर्यंत निम्मा भाव कबूल करा, नाहीतर माल परत! तातोबांच्या तोंडचं पाणी पळालं. वर्षभराची कमाई समुद्रापलीकडे अडकलेली! प्रसन्ननं कडक उत्तर लिहिलं, आठ सर्टिफिकेटं जोडली. पलीकडून पुन्हा तेच वाक्य. बुधवार उजाडला.

वैजयंती म्हणाली, "आप्पा, त्यांची जुनी पत्रं वाचू?"

"कशाला? सगळे भाव पाठ हाईत मला."

"भाव नाही. माणूस बघायचाय."

सकाळी दहाला बसली ती तीनला उठली. डोळे लाल! "दादा, ही पत्रं तूच आप्पांना वाचून दाखवायचास ना? पूर्ण?"

"पूर्ण कशाला? भाव, वजन, तारीख वरच असतं. खालच्या चार ओळी नुसत्या गप्पा!"

अहो, गप्पा! काय होतं त्या गप्पांत? "तुमच्या घरची ती आमटी अजून आठवते. मला वाढणारी ती छोटी मुलगी आता कितवीत आहे?" एका वर्षी लिहिलं होतं, "अशीच गडद हळद पाठवत जा, माझ्या गिऱ्हाइकांना हीच लागते." आणि चार वर्षांपूर्वी — "माझी बायको गेली. घर फार मोठं वाटतं. कधी वाटलं तर फोन करा." खाली स्वतःच्या मोबाईलचा नंबर! आणि मंडळी, पेढीनं उत्तर काय धाडलं? "माल रवाना. कागदपत्रं सोबत जोडली आहेत."

तातोबांनी ते चार वर्षांपूर्वीचं पत्र पुन्हा वाचायला लावलं.

वैजयंती म्हणाली, "आणि आप्पा, शेवटच्या दोन पत्रांत खाली एक ओळही नाही. नाव त्यांचंच आहे, पण बोलतोय दुसराच कुणीतरी. अकरा वर्षं उत्तर न मिळताही बोलत राहिलेला माणूस असा एकदम गप्प होत नाही. ते बरे नसतील."

"मग... लिही त्यांच्या त्या मोबाईलवर," तातोबा म्हणाले. "लिही, वहिनींचं आत्ता कळलं. चार वर्षं उशीर झाला. चूक माझी हाय. तुमची तब्येत कशी हाय?"

"आणि हळदीचं?"

"हळद ऱ्हाऊ दे!"

बघा! आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस म्हणाला — हळद राहू दे!

गुरुवारी दुपारी फोन वाजला. डर्क! पडून खुबा मोडलेला, दोन महिने हॉस्पिटलात. त्याच्या नावानं पुतण्या कारभार बघत होता, आणि गडद माल काकांनीच मागवलाय हे त्याला ठाऊकच नव्हतं! म्हाताऱ्यानं विचारलं, "आमटी वाढणारी ती तूच का गं?" आणि रडला. शुक्रवारी कंटेनर सुटला. पूर्ण भावानं!

टाळ्या नका वाजवू! खांबाजवळचे काका, तुम्ही लगेच पदवीला अठ्ठावीस लाखांची चिठ्ठी लावली ना? आणि म्हातारा फोनवर आलाच नसता तर? कंटेनर बुडाला असता, तर पोरीचं वाचणं खोटं ठरलं असतं? तिनं माणूस तर तेवढाच खरा ओळखला होता! अहो, कमाई तर झालीच. तातोबांनी तिला परदेशी व्यवहारावर बसवलं, आणि तिनं दादाइतकाच पगार मागून घेतला. का घेऊ नये?

दुसऱ्या दिवशी मल्लूशेठ पुन्हा आले. "काय तातोबा, आता बोल भाव!" तातोबांनी मल्लूशेठचा रुमाल घेतला, पोरीला समोर बसवलं, दोघांच्या हातांवर रुमाल टाकला. पेढी श्वास रोखून बघतेय. किती बोटं धरली? कुणाला कळलं नाही. तातोबांनी हात बाहेर काढलाच नाही! नुसता तिचा हात धरून बसले, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला रुमालही मोकळा नव्हता.

मंडळी, कोरे पेढीला हसू नका. मोबाईल सगळ्यांकडे आहे ना? गावाकडून आईचा मेसेज आलाय. "पार्सल मिळालं." तेवढं वाचलंत आणि पुढे सरकलात! त्याच्या खाली अजून एक ओळ आहे. थरथरत्या एका बोटानं तिनं ती अर्धा तास टाइप केली आहे. आधी ती वाचा, तिला उत्तर द्या, आणि मग या देवापुढे हात जोडायला या. वाजवा आता टाळ — विठ्ठल, विठ्ठल!