गाडीखाली उभं राहायचं होतं

...एक फूट हो! नाही, तुम्हीच सांगा, एक फूट म्हणजे असतं किती? हे एवढं, कोपरापासून मुठीपर्यंत! पीएमटीत कुणी म्हातारी चढली तर आपण एवढं सरकून देतो, झोपेत कूस बदलली तर माणूस एवढा सरकतो, आणि तेवढ्यापायी माझं माझ्याच घराच्या स्लॅबशी दोन वर्षं भांडण चाललं होतं! स्लॅब वर, मी खाली, मान वर करून भांडतोय... आणि स्लॅब काही बोलत नाही. पुण्यातली स्लॅब ती, ती कशाला उत्तर देतेय!

तुम्हाला सांगतो, मी नागोराव. शाळा तिसरी, तीही अर्धी. वाशीमकडून आलो तो शनिवार पेठेत मैनुद्दीन उस्तादांच्या गॅरेजात चिकटलो आणि तिथं चाळीस वर्षं काढली. कुठं काढली म्हणता? गाडीखाली! पाठीखाली गोणपाट, तोंडावर गाडी. लोकांच्या तोंडावर आभाळ असतं, माझ्या तोंडावर इंजिनचं चेंबर. नट सोडवला की तेल डोळ्यात, पाना सुटला की दातावर. गिऱ्हाईक कोण आलंय ते मी चपलांवरून ओळखायचो. कोल्हापुरी म्हणजे वकीलसाहेब, पांढरे बूट म्हणजे डॉक्टर, अंगठा तुटलेली म्हणजे उधारीवाला. एकदा वकीलसाहेब लक्ष्मी रोडला समोरून आले, हसले, मी ओळखलंच नाही! पायाकडं बघितलं तेव्हा म्हणलं, अरे, साहेब तुम्ही होय!

मग त्या नव्या गाड्या आल्या. दिल्लीत काय उघडलं, काय सैल केलं म्हणे, मला काय कळतंय, मला एवढंच कळलं की आपली गिऱ्हाइकं काचेच्या शोरूमात जायला लागली. गेलो एकदा बघायला. खरं सांगू? भांडायलाच गेलो होतो. मागच्या बाजूला त्यांचं वर्कशॉप, तिथं डोकावलो... आणि तोंडातली शिवी तोंडातच राहिली.

गाडी वर होती. वर म्हणजे अधांतरी! दोन खांब, चार हात, त्या हातांवर गाडी अशी अलगद... बाळाला न्हाऊ घालताना आजी पायांवर धरते ना, तशी. आणि तिच्याखाली एक मेकॅनिक उभा. उभा हो! ताठ! शर्टाला इस्त्री! शीळ वाजवत हात वर करून नट आवळतोय, आंब्याखाली उभं राहून कैरी तोडावी तसा. आणि त्या गाडीचं पोट... चाळीस वर्षं मी ते वीतभरावरून बघितलेलं, म्हणजे नाकासमोर आलं तेवढंच. तिथं ते सगळं एकदम दिसलं. पुढून मागं जाणारा सायलेन्सर, बाजूनं ब्रेकची नळी, मधे तो लांब शाफ्ट, जशी काय डोंगरावरून दिसणारी नदी, तिच्याकडेचा रस्ता, शेताचे बांध... मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. वॉचमननं हटकलं, "काका, काय पाहिजे?" काय सांगणार? म्हणलं, काही नाही, चुकून आलो.

त्या दिवसापासून झोपेत मला तेच. मी उभा, गाडी वर. दुसरं काही घडतच नाही स्वप्नात. यमुनाबाई म्हणायची, "अहो, झोपेत हात कशाला वर करताय? मच्छरदाणी फाटली!"

पुढं उस्ताद गेले, गॅरेज मिटलं, आणि माझ्याजवळ राहिली एक जुनी गोल दिव्यांची गाडी, डॉक्टरांनी मला दिलेली. बिबवेवाडीत आमचं घर, खाली गाडीपुरतं गॅरेज, वर खोल्या. रोज तिच्याखाली घुसायचं, काहीतरी खुडबुड करायची, दिवस जायचा. पण मग गुडघे गेले, मणक्यात गॅप आला. खाली जाता येतं, वर येता येत नाही! एकदा अडकलो तर यमुनाबाईनं शेजारचे दोघं बोलावले, त्यांनी एकेक पाय धरून मला ओढला, आणि ही ओरडतेय, "अहो, ते चाक सोडा आधी!" हाडांचे डॉक्टर म्हणाले, आजोबा, जमिनीवर झोपणं बंद. मी म्हणलं, मग गाडीचं कोण बघणार? ते म्हणाले, मेकॅनिककडं द्या. मला! मला म्हणाले! तेव्हा ठरवलं. आता खाली जाता येत नाही ना? मग तिला वर घ्यायची. खांब बसवायचे. घरात.

उस्तादांचा तन्वीर आता हाच धंदा करतो, गॅरेजांना हे गाडी उचलायचे हॉइस्ट बसवून देतो. आला, टेप काढली, जमीन मोजली, छत मोजलं, गाडी मोजली, मग म्हणाला, "चाचा, ताठ उभे राहा." मलाच मोजलं! पाच फूट पाच. एवढ्या वयात मला माझी उंची कळली. कागदावर बेरीज केली आणि डोकं खाजवायला लागला.

"चाचा, गाडी आणि तुम्ही मिळून दहा फूट लागतं. छत नऊ फुटांवर आहे."

म्हणजे?

"एक फूट कमी पडतंय."

एक फूट हो! म्हणलं, वाकून उभा राहीन. म्हणे, मग कंबर? म्हणलं, स्टुलावर बसून करीन. पण मग म्हणलं, बसून करायचं तर कशाला एवढा उपद्व्याप? मला उभं राहायचं होतं!

तन्वीर म्हणाला, "वरची स्लॅब थोडी कापता येईल. टप वरच्या खोलीत जाईल फूटभर."

वरच्या खोलीत कोण झोपतं? यमुनाबाई. बरोबर टपाच्या जागी तिचा दिवाण. मी तिला समजावलं, म्हणलं, अगं, दिवाणाखाली रिकामीच तर जागा आहे, तिथं तू नुसत्या गोधड्या कोंबल्यास. ती म्हणाली, "त्या गोधड्यांना जागा आहे. तुमच्या गाडीला नाही. उद्या म्हणाल हॉर्न उशाशी येऊ दे!"

मग कुणीतरी म्हणालं, म्हातारपणी माणसाची उंची कमी होते. मी तन्वीरला विचारलं, दरसाल किती? तो म्हणाला, "चाचा, एक फूट कमी होईपर्यंत तुम्ही दीडशे वर्षांचे व्हाल." चावट आहे, बापावर गेलाय.

आमचा सुदर्शन कम्प्युटरवाला. हडपसरला मोठ्या काचेच्या कंपनीत. त्याला वाटलं बाप रुसलाय, तर एका रविवारी त्यानं कम्प्युटरवर आमचं गॅरेजच काढलं! भिंती, शटर, खांब, गाडी, सगळं, आणि मधे एक टकला म्हातारा उभा केला. "हे तुम्ही, बाबा." बटण दाबलं की गाडी सरसर वर, म्हातारा तिच्याखाली ताठ. काही टेकत नाही, कुणी ओरडत नाही. म्हणलं, हा कसा मावला? म्हणाला, "मी फ्लोअर एक फूट खाली घेतलाय." घेतलाय म्हणे! बोटानं! मी त्या म्हाताऱ्याकडं बघतच राहिलो. खोटं नाही सांगत, हेवा वाटला मला त्याचा. ना गुडघे, ना मणका, ना बायको वर दिवाणावर... नुसता उभा आहे, दिवसभर, कम्प्युटरात.

म्हणलं, खण. आणि गंमत बघा, सुदर्शन एका शब्दानं नाही म्हणाला नाही. उलट, "ग्रेट आयडिया, बाबा! लवकर करून टाकू." सून उत्कर्षा म्हणाली, "हो बाबा, दसऱ्याच्या आत झालं पाहिजे हं." मला भरून आलं हो. म्हणलं, नागोराव, लोकांची पोरं बापाला देवदर्शनाला नेतात, तुझा पोरगा बापासाठी जमीन खोल करतोय!

खणलं. एक फूट! कोबा फोडला, मुरूम काढला, नवा काँक्रीटचा थर टाकला. त्याला पाणी मारायचं काम माझ्याकडं. सिमेंटचे छोटे बांध घालून आळी केली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी भरत होतो, चांगले अठ्ठावीस दिवस. तन्वीर म्हणाला होता एकवीस पुरे, मी सात माझ्या मनाचे घातले. तुम्हाला सांगतो, ते दिवस काही वेगळेच गेले. दुपारी खुर्ची टाकून बसायचो. आळ्यात पाणी स्थिर, त्यात वरची स्लॅब उलटी दिसायची, खोल... खोल... दहा फूट खाली. जी मला वर जागा देत नव्हती तीच पाण्यात एवढी लांब गेलेली. वाटायचं, गाडी त्यात सोडली तर उलटी तरंगत जाईल, पोट वर करून, आणि मी काठावर बसून नुसतं बघीन. यमुनाबाई चहा घेऊन यायची, म्हणायची, "काय बघताय?" मी म्हणायचो, पाणी मुरतंय का ते बघतोय.

खांब बसले. दिवस निघाला खंडेनवमीचा. उस्ताद मुसलमान, पण खंडेनवमीला आमच्या गॅरेजात सगळे पाने-जॅक धुऊनपुसून पाटावर मांडायचे, झेंडूची माळ, नारळ, आणि त्या दिवशी कुणी हत्याराला हात लावायचा नाही. उस्ताद स्वतः बजावायचे, "आज इनको आराम." त्या दिवशी मी खांबांना माळा घातल्या, हळदकुंकू लावलं, आणि बटणाकडं हात नेला, तर यमुनाबाई गरजली, "आज हत्याराला हात नाही!"

अगं, हे बटण आहे!

"बटण कशाचं? हत्याराचंच ना?"

तन्वीर म्हणाला, "चाची, मी दाबतो. मला कुठं तुमची खंडेनवमी!" आणि दाबलं.

गाडी उठली. आधी टायर सैल पडले, अंग सोडल्यासारखे... मग हळूहळू वर... वर... खटका पडला, टक्! टप आणि स्लॅब यांच्यात चार बोटं राहिली. मी आत पाऊल टाकलं. डोकं आपोआप खाली घातलं हो, चाळीस वर्षांची सवय. तन्वीर म्हणाला, "चाचा, मान वर करा." केली. कुठं काही लागलं नाही.

पाना नाही हातात, कारण पाने पाटावर. मग काय करणार? नुसता उभा राहिलो. हात मागं बांधून. सगळं तिथंच होतं... सायलेन्सर, शाफ्ट, मी साताठ वर्षांपूर्वी मारलेला वेल्डिंगचा एक टाका, माझाच, पण उभ्यानं पहिल्यांदा बघितलेला. झेंडूचा वास, ग्रीसचा वास. यमुनाबाई हळूच बाजूला येऊन उभी राहिली, पदर सावरून, देवळात उभं राहतात तशी. म्हणाली, "हे एवढं असतं होय खाली?" म्हणलं, हो. म्हणाली, "मला वाटायचं नुसती घाण असते." दोघं उभे राहिलो. म्हणलं, आज बघून घ्यायचं, उद्या दसरा, उद्यापासून काम! ऑइल बदलायचं, बुश बघायचे, सगळं मनात लावून ठेवलं. सुदर्शन वरून ओरडला, "बाबा, गाडी वरच राहू द्या हं, उतरवू नका." म्हणलं, बघ, पोराला कळतं.

दसऱ्याला सकाळी पाना घेऊन खाली आलो. शटर उघडलं आणि मागं हॉर्न. सुदर्शन! नव्याकोऱ्या पांढऱ्या गाडीत! पुढं हार, काचेवर स्वस्तिक, शेजारी उत्कर्षा पेढ्याचा बॉक्स घेऊन. मुहूर्ताची डिलिव्हरी! मी बाजूला झालो, ओवाळायला म्हणून... आणि ती गाडी माझ्यासमोरून सरळ आत गेली. माझ्या गाडीखाली. मी काल जिथं उभा होतो, तिथं!

"परफेक्ट!" म्हणाला. "बाबा, रस्त्यावर लावली असती तर रोज टोइंगवाल्यांची कटकट." मग मला कम्प्युटरवर तेच चित्र दाखवलं. बोटानं म्हातारा पुसला, तिथं गाडी ठेवली. चपखल बसली हो. म्हाताऱ्यापेक्षा बरी बसली.

म्हणलं, असू दे, सकाळी हा कंपनीत जाईल, दिवसभर जागा मोकळी. दुसऱ्या दिवशी सकाळी पाना घेऊन बसलो. आठ वाजता दारात कंपनीची गाडी आली, सुदर्शन तिच्यात बसला आणि गेला! म्हणलं, अरे, मग ही? "बाबा, हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये कोण नेतो? स्क्रॅच पडतात." उत्कर्षानं त्या गाडीवर कव्हर घातलं. मी म्हणलं, मीच बाहेर काढतो, किल्ली दे. आत बसलो तर ती टीं टीं ओरडायला लागली. माझ्यावर! गाडी, माझ्यावर! उतरलो.

आता ती गाडी फक्त रविवारी निघते. चार वाजता निघते, आठला येते. म्हणजे चार तास! पहिल्या रविवारी मी म्हणलं, तुम्ही जाऊन या, मी थांबतो घरी. तर उत्कर्षाचं तोंड उतरलं. "बाबा, तुम्हाला घरी ठेवून आम्ही कसं फिरायचं? बरं नाही वाटत. नको मग, जायलाच नको." आणि नाही गेले हो! माझ्यासाठी! चौघं घरी बसून टीव्ही बघितला. दुसऱ्या रविवारी म्हणलं, पोट बिघडलंय. सुदर्शन म्हणाला, मीही थांबतो, डॉक्टरकडं न्यावं लागलं तर? लाडाची माणसं आहेत, शिवी तरी कुणाला द्यायची? यमुनाबाईला म्हणलं, तू तरी सांग. ती म्हणाली, "मला मॉलमधला सरकता जिना आवडतो."

म्हणजे हिशेब कसा झाला बघा. जागा मोकळी व्हायची तर गाडी बाहेर निघाली पाहिजे. गाडी निघायची तर मी तिच्यात बसलो पाहिजे. आणि मी बसलो, तर खाली उभं कोण राहणार?

किती वाजले? साडेपाच? म्हणजे आत्ता, ह्या घटकेला, बिबवेवाडीत माझी गाडी वर आहे आणि खाली सगळी जागा मोकळी पडलीय. चांगली ऐसपैस, दहा फूट उंच... आणि मी इथं मॉलमध्ये, बाकड्यावर, सुनेच्या पिशव्या मांडीवर घेऊन तुमच्याशेजारी बसलोय. अजून अडीच तास मोकळी आहे हो. तुम्ही बिबवेवाडीकडूनच जाणार ना? मग जाता जाता जरा आत डोकवा. माझ्या वतीनं पाच मिनिटं उभे राहून या.