डावखुरा देव

योरिस : डिम्फना, अगं, हा देव डावखुरा कसा झाला?

डिम्फना : काहीतरीच काय, बाबा! तांब्याच्या पत्र्यावर उजवाच हात वर केलाय.

योरिस : पत्रा कोण विकत घेतं? लोक कागद नेतात! तांब्यावरचं उजवं कागदावर डावं उमटतं. बारा वर्षं कोरतेयस माझ्याशेजारी बसून!

डिम्फना : उंट, हत्ती, साळिंदर, सगळं उलटं काढलं हो. देव तेवढा घाईत सुलटा राहिला.

योरिस : हत्तीचं तोंड कुठंही असलं तरी तो हत्तीच! देवानं डाव्या हातानं आशीर्वाद दिला तर अख्खं अँटवर्प हसेल. आणि मंजुरी द्यायला फादर लॅम्बर्ट जिना चढतायत.

डिम्फना : देवाचा हात घासून पुन्हा कोरते.

योरिस : आठ दिवस लागतील. त्यांना जिन्यातच बसवू का? तू गप्प राहा. मी बघतो.

(फादर लॅम्बर्ट धापा टाकत येतात आणि ओला कागद खिडकीशी धरतात.)

फादर : वा! साळिंदर अगदी हुबेहूब. पण योरिस... हा हात?

योरिस : चूक माझी, फादर. म्हातारा झालो. डोळे दगा देतात.

डिम्फना : बाबा, उगाच काय? फादर, चित्र मी कोरलंय. आणि तो आशीर्वाद नाहीच.

फादर : मग दोन बोटं कशाला वर केलीत?

डिम्फना : सहावा दिवस आहे ना. जनावरं झाली. अजून दोघं घडवायचे राहिलेत, असं सांगतोय.

फादर : दोघं?

डिम्फना : पुरुष आणि बाई.

फादर : हं. आणि डाव्या हातानं का?

डिम्फना : उजवा साळिंदराच्या पाठीवर आहे. हातातलं काम कसं सोडेल तो?

फादर : शास्त्राला धरून आहे खरं. आण ती लेखणी, मंजुरीची सही करतो. आणि पोरी, पुढच्या वेळी देव मोकळ्या हातांचा काढ.

योरिस : गेले एकदाचे! खरं सांग, आधीच ठरवलं होतंस?

डिम्फना : कसलं ठरवतेय! फादर साळिंदर बघत होते, तेव्हा सुचलं. खाली तुमचं नाव घालू ना, नेहमीसारखं?

योरिस : नको. असला देव मला जन्मात सुचला नसता. तुझं घाल.

डिम्फना : माझं? जागा कुठंय, बाबा? काठापर्यंत गवतच गवत.

योरिस : मग थोडं गवत घासून काढ. मी थांबतो.