पळसघऱ्यांचं सुतक

आडनावाचं म्हणतोस, तर आमचं ऐक. पळसघरे. मूळपुरुषानं पहिली झोपडी पळसाच्या पानांनी शाकारली म्हणून हे नाव पडलं, असं आजी सांगायची. सापगावात आमचं एकच घर. पार मुरबाडपर्यंत विचार, दुसरा पळसघरे नाय भेटायचा.

ब्याण्णव-त्र्याण्णवला भातसानगरला पळसघरे नावाचे साहेब बदलून आले. बाबांना कोण आनंद. आजी वारली तेव्हा स्वतः सायकल मारत सांगायला गेले, भावकी म्हणून. साहेब दारातूनच म्हणाले, "आमचे पळसघरे वेगळे. आम्हाला सुतक नाही लागत."

दहा वर्षांनी तेच साहेब पेढे घेऊन आमच्या ओटीवर. त्यांना मुरबाडला फार्महाऊससाठी शेतजमीन घ्यायची होती, आणि ती शेतकऱ्यालाच घेता येते.

"काका, असं आडनाव दुसरं कुणाचं आहे? मूळ एकच आपलं. तुमच्या सातबाऱ्यावर माझं नाव लागलं तर..."

बाबांनी पेढ्यांचा पुडा त्यांच्याकडे सरकवला.

"मूळ एकच ना? मंग माझ्या आयशीचं सुतक राहिलंय तुमचं. पयलं डोकं भादरून या."