हालू नको, रेणू

...नाई नाई, तुमीच सांगा, सात वर्साच्या पोरीले पंचवीस मिंटं 'हालू नको' म्हनाचं म्हन्जे काय गंमत हाय का? अन तेबी रेणूले! आमच्या रिठदच्या पुंजाजीची नात हो! माय-बाप उसाच्या तोडीवर, पोरगी आज्या-आजीपाशी. जेवतानी हालते, झोपेत हालते, शाळेच्या फोटोत हिच्या जागी नुसता धूर दिसते, धूर! अन त्या पोरीचं पोट दुखाले लागलं...

गोजराबाई, तिची आजी, म्हने, 'जंत असन, ओवा खाय.' गावातला डॉक्टर म्हने, 'बाहेरचं खाल्लं असेल,' अन टोचली सुई. चवथ्या दिवशी, तुमाले सांगतो, दुखनं थांबलं! एकदम! गोजराबाईनं शिरा केला, पुंजाजीनं पोराले फोन लावला, 'रविकांत, बरी झाली रे!' आता आमाले काय मालूम, का आत अपेंडिक्स फुटलं म्हनून दुखनं थांबलं?

दुसऱ्या दिवशी पोरगी तव्यावानी तापली, पोट पाटासारखं कडक, अन ते... हालेच ना. तोंडावर माशी बसली, तेबी नाई हाकलली. तवा पुंजाजी माह्या दारात पळत आला. मी गाडी काढली.

वाशीमले सोनोग्राफीवाला म्हने, 'हालू नको बाळा!' अरे बाप्पा, कोन हालून राह्यलं? मंग म्हने, 'आतड्यात हवा फार आहे, मागचं दिसत नाही, अकोल्याला न्या.' नेलं! तिथं डॉक्टरीन, निता म्याडम. पुंजाजी म्हने, 'बाई, लवकर कापा.' तर त्या म्हने, 'बाबा, पू कुठं साचलाय ते दिसल्याशिवाय सुरी कुठं घालू? एमआरआय करू. तो चुंबकावर चालतो, लेकराला किरणांचा त्रास नाही. पण हलायचं नाही हं, हलली की फोटो पुसट!'

मंग सुरू झाली झडती! लोखंड नको, चांदी नको, काहीच नको! रेणूचे पैंजण काढले, क्लिपा काढल्या, ताईत काढला. पुंजाजी सोबत जाते म्हने, तर त्याचा करदोडा काढला, सदऱ्याले बटनाच्या जागी पिना होत्या, त्याबी काढल्या! सत्तर वर्साचा बुडा, एका हातानं धोतर धरून, दुसऱ्या हातानं पोरीचा पाय धरून उभा! अन मशीन? ठक ठक ठक, घर्रर्र... कानात बोळे घातले तरी डोकं हालते! मी बाहेर काचेमागं. बाजूले मशीनवाला माईकमंधी वरडून राह्यला, 'हालू नको! श्वास रोख! हालू नको!'

नाई हालली. पंचवीस मिंटं. मशीनवाला खुश! 'आजोबा, काय शहाणं लेकरू! मोठी माणसं हलतात हो, ही बघा, दगड!'

पुंजाजी म्हने, 'शहानी नाई साहेब. संपून राह्यली हे.'

अन मले मंग गाडीत सांगतलं त्यानं. म्हने, 'आत उभा होतो ना, तवा माह्या तोंडून निंगालं, रेणू, जराशी हाल ना माय... अन लगेच तोंडावर हात ठेवला रे, फोटो खराब होईन म्हनून!' आता ह्या मानसानं कराव काय? हाल म्हनाव का नको म्हनाव?

फोटोत दिसलं सारं. आतड्यामागं पुवाची मूठभर गाठ, अन दुसरी यकृताच्या खाली, जिचा कोनाले पत्ताच नव्हता. त्याच दुपारी दोन्ही साफ केल्या. निता म्याडम म्हने, 'अजून एक दिवस गेला असता तर...' अन वाक्य तिथंच सोडलं. सोडतात हो डॉक्टर लोक असं, वाक्य आपल्या गळ्यात टाकून! माय-बाप तिसऱ्या दिवशी पोचले. सोळा दिवस नळ्या, सोळा दिवस ताप, अन पुंजाजी पायापाशी बसून.

सहा हप्त्यांनी परत एमआरआय, खात्रीले. तीच मशीन, तोच मानूस. 'हालू नको!' हिनं पाय हालवला. 'हालू नको गं!' हिनं नाक खाजवलं. 'अगं हालू नको!' तर आतून वरडते, 'आबा, भूक लागली!' तीन डाव फोटो काढला, तीनही डाव खराब! मानूस पार वैतागला, 'आजोबा, आज जमत नाही, उद्या परत आणा.'

उद्या! अकोल्याले! माही गाडी गॅरेजात, म्हन्जे परत दोन एसट्या बदलून! मले वाटलं, बुडा आता भडकते. तर पुंजाजीनं दोन्ही हात जोडले.

'आनतो ना साहेब. हे अशी हालून राह्यली, तर रोज आनतो.'