हनुवटीवरचं बोट

अबुधाबीच्या हॉस्पिटलात माझ्या शेजारी एक मराठी जोडपं बसलं होतं. नवऱ्याची मान आपोआप डावीकडे वळत होती. हनुवटीला बोट लावून तो ती सरळ धरत होता.

"महाराष्ट्र मंडळात मी सांगून टाकलंय, हे सुरकुत्यांसाठी बोटॉक्स घेतात," बायको त्याला म्हणाली.

"म्हणूनच हसतात मला. म्हातारा नटतोय म्हणून."

"हसू देत. आजार कळला तर घराण्यातच आहे म्हणतील. मग आपल्या पर्णिकाचं लग्न जमेल?"

"मानेच्या आजारावरचं बोटॉक्स आहे अनुपमा, चोरी नाही."

"साखरपुडा होईपर्यंत गप्प बसा. खलास, विषय संपला."

"निदान पर्णिकाला तरी खरं सांग."

"तिला कशाला?"

"काल गाडी चालवताना तिनंही असंच हनुवटीला बोट लावलं होतं."