एक नंबर मोठी सायकल

ताई, आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर कोंबडीच्या पायासारखं, आणि कोणती वेलांटी पहिली, कोणती दुसरी हे मला अजून कळत नाही. तुम्ही म्हणालात, सायकलची गोष्ट बोला, मी फोनमध्ये भरून घेते. पण तुमचा फोन समोर आला की माझी जीभ उचलतच नाही. चहा आणते म्हणून आत गेले ती बाहेर आलेच नाही, तुम्ही बघितलंच. म्हणून ही वही. घरात कुणाला सांगितलं नाही की मी लिहून राहिले. चुकलंमाकलं तुम्ही नीट करून घ्या.

माझं माहेर नायगाव, नांदेड जिल्ह्यातलं. अब्बा शिलाईकाम करायचे. दुकान नव्हतं. सायकलच्या कॅरिअरवर शिलाई मशीन बांधायचे आणि एकेका दिवशी एकेका गावच्या बाजारात जाऊन बसायचे. चौथी झाली आणि अम्मी आजारी पडली, मग घर माझ्याकडे आलं, शाळा सुटली. रडले वगैरे काही नाही, मला मशीन आवडायचं. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा मशीन सोबत आणलं. माझी पोरगी आफरीन, तिचे अब्बा डाळमिलमध्ये चाळणीच्या मशीनवर आहेत. मी घरी शाळेचे गणवेश शिवते, वीस वर्षं झाली. जून आला की आमच्या घरात बसायला जागा नसते, सगळीकडे निळ्या चड्ड्या.

गणवेशाचं एक सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून झालं. आई पोराला घेऊन येते आणि पहिलं वाक्य काय म्हणते, तर भाभी, वाढत्या अंगाचा शिवा. म्हणजे यंदा ढगळ झाला तरी चालेल, पुढच्या वर्षी बसला पाहिजे. मी एक नंबर मोठा कापते, वर आत दुमडून कापड सोडते, त्याला आम्ही माया म्हणतो. पोर वाढलं की उसवून सोडायचं. माझ्या आफरीनला मी आयुष्यात कधी तिच्या मापाचं घातलं नाही. चप्पलसुद्धा एक नंबर मोठी, पुढे कापूस भरून.

ही आफरीन अब्बांचा डबा घेऊन मिलमध्ये जायची, जुन्या सायकलवर. एमआयडीसीच्या रस्त्याला तिच्या शाळेच्या बिराजदार सरांनी तिला बघितलं. ते मोटरसायकलवर होते आणि ही त्यांच्या पुढे होती, डबा हँडलला लटकवून. सर घरी आले. म्हणाले, भाभी, ही पोरगी शर्यतीची हाय, तुम्हाला म्हाईत हाय का? मी दाराआडून म्हटलं, नाही. मला वाटलं तक्रार घेऊन आले.

दोन वर्षं तिने सरांच्या जुन्या सायकलवर सराव केला. बाकीच्या शर्यतीत ती मधेच असायची, घोळक्यात घाबरायची, माझ्यावर गेली. पण एक शर्यत असते, तिच्यात घोळका नसतो. एकेकाला एकेका मिनिटाने सोडतात, एकट्याने जायचं, एकट्याने यायचं, घड्याळाशी शर्यत. तिच्यात ही कुणाला ऐकायची नाही. सर म्हणाले, पण हिला त्या शर्यतीची खास सायकल लागेल, आणि वयोगटाचं हे शेवटचं वर्ष हाय, राज्याच्या संघाची निवड नांदेडला होणार, तिघी घेणार.

सायकल दोन लाखांची. काय सांगू तुम्हाला, दोन लाख ऐकून आफरीनच्या अब्बांना ठसका लागला. एक लाख आमच्याकडे होते, घरावर स्लॅब टाकायला जमवलेले. ते रात्रभर विचार करून म्हणाले, पत्रा गळत तर नाही. झालं. दुसरा लाख बचत गटाकडून घ्यायचा ठरला. गटात बाया म्हशीसाठी घेतात, पिठाच्या गिरणीसाठी घेतात, मी सायकलसाठी मागितला आणि मान खाली घालून बसले. आमच्या अध्यक्ष सुलोचनाबाईंनी फोनवर सायकलचा फोटो मागितला. सगळ्या बाया वाकून बघायला लागल्या. एक म्हणाली, स्टँड कुठाय? दुसरी म्हणाली, घंटी न्हाई, मडगार्ड न्हाई, कॅरिअर न्हाई, अगं लाखाची सायकल अन् पाठीमागं जळण बांधायची सोय न्हाई. लई हसल्या. सुलोचनाबाई म्हणाल्या, हसू नका, पोरगी जळण आणायला चालली न्हाई. आणि सही केली.

आता माझी चूक सांगते. सरांना निवडणुकीची ड्यूटी लागली होती, ते निलंग्याला गेले. जाताना चिठ्ठी देऊन गेले, पुण्याच्या दुकानाला पैसे पाठवा आणि फोनवर सायकलचा हा नंबर सांगा. चिठ्ठीवर लिहिलं होतं एक्सएस. ते मला वाचता येतं, कपड्याला तेच असतं. एक्सएस म्हणजे सगळ्यात लहान. मी मनात म्हटलं, पंधरा वर्षांची पोर, अजून वाढून राहिली, दोन लाखांची वस्तू, आणि सगळ्यात लहान? सर पुरुष माणूस, त्यांना वाढत्या अंगाचं काय कळणार. आफरीनच्या अब्बांना विचारलं, ते म्हणाले, एक नंबर मोठी घे, त्यात विचारायचं काय. मी आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाला फोन केला. हात घामेजला होता. त्याने विचारलं साईज, मी म्हटलं एस. फोन ठेवला आणि मला वाटलं, मी लई शहाणपणा केला.

सायकल आली. निलंग्याहून परतलेल्या सरांनी ती खोक्यातून काढून अंगणात जोडली आणि सगळी गल्ली गोळा झाली. मी खिडकीतून बघत होते. समोरून बघाल तर सुरीच्या पात्यासारखी, दिसतच नाही. बाजूने बघाल तर नळ्या रुंद, चपट्या. सर गल्लीला समजावून सांगायला लागले की जोरात चालवणाऱ्याची जास्ती ताकद वाऱ्याला ढकलण्यात जाते, म्हणून हिच्यात वाऱ्याला धरायला काही ठेवलेलं नाही. पाण्याची बाटलीसुद्धा चपटी, सांगाड्याच्या पोटात बसणारी. ब्रेकच्या, गिअरच्या वायरी बाहेर लोंबत नाहीत, हँडलमधून आत शिरतात आणि पार मागे जाऊन निघतात. सलवारीच्या नेफ्यातून नाडा जातो तसं. हे बघून मला सायकल कळायला लागली. ज्याने बनवली तो शिंपीच असणार, शिवण कुठे दिसू दिली नाही.

हँडल दोन. एक बाहेरचं, ब्रेकचं. आणि मधून पुढे निघालेल्या दोन शिंगासारख्या नळ्या, त्यांच्या टोकाला गिअर. कोपरं टेकायला दोन छोट्या गाद्या. बसणारीने पुढे वाकून कोपरं गाद्यांवर टेकायची, हात शिंगांवर जोडायचे, डोकं खाली. सीट नेहमीपेक्षा पुढे सरकलेली, जवळजवळ पायडलच्या वर, म्हणजे इतकं वाकूनही मांड्या पोटावर आदळत नाहीत.

आफरीन बसली. वाकली. आणि शिंगांपर्यंत तिचे हात पुरेनात. कोपरं गादीच्या कडेवर, पाठ ताणलेली, खांदे कानाला लागलेले. लहान पोर मोठ्या माणसाच्या कोटात असतं तशी दिसत होती. सरांनी टेप काढला, मोजलं, परत मोजलं, खोक्यावरचा नंबर बघितला. म्हणाले, दुकानवाल्याने घोटाळा केला. आणि दुकानाला फोन लावायला लागले, आवाज चढवून.

ताई, मी खिडकीतून बाहेर आले. गल्लीतली पंचवीस माणसं उभी होती. डोक्यावर पदर ओढला. पण त्या दुकानातल्या माणसाची काही चूक नव्हती.

सर, फोन ठेवा. नंबर मी वाढवला.

सर माझ्याकडे बघत राहिले. का, भाभी?

वाढती पोरगी आहे म्हणून.

 मग बायकांनी मान डोलावली. एक म्हणालीसुद्धा, बरोबरच हाय की, कोण घेतं बरोबर मापाचं? सर खोक्यावर बसले आणि डोक्याला हात लावून म्हणाले, भाभी, ह्या सायकलमध्ये सगळी किंमत मापाचीच हाय, बाकी नळ्या हायेत. दुकानाने सांगितलं, जोडलेल्या सायकलचे पैसे परत मिळणार नाहीत, बदलून हवी तर पुढचा माल यायला दीड महिना. निवड एका महिन्यावर. आफरीन नुसती सायकलची नळी पुसत राहिली. मला ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गणवेशाचं काम बाजूला ठेवलं. सायकल भिंतीला टेकवली, आफरीनला बसवलं, वाकवलं, आणि माझा टेप घेतला. कुणालाही आपण उभं करून माप घेतो, पण ही तर उभी चालवणार नाही. मी तिचं वाकलेलं माप घेतलं. खांद्यापासून कोपर, कोपरापासून मनगट, मानेपासून कंबर. खडूने भिंतीवर खुणा केल्या. तीन बोटांचा फरक होता, फक्त तीन बोटांचा. माझ्याकडे कुणी तीन बोटं ढगळ ब्लाऊज आणला तर मी तो फेकून देते का?

मग सायकलच्या खाली बसून तिला उलटसुलट बघितली. आणि काय सांगू, त्या शिंप्याने माया सोडलेली होती. गाद्यांच्या खाली एक भोक नाही, चार चार भोकं, पुढे-मागे सरकवायला. सीटच्या खाली लांब फट, सीट पुढे घ्यायला. शिंगाच्या नळ्या क्लॅम्पमध्ये नुसत्या धरलेल्या, आत-बाहेर होणाऱ्या. सरांना बोलावलं. ते म्हणाले, हे म्हाईत हाय मला, पण गाद्या मागे घेतल्या तर नळ्या जास्ती पुढे राहतात, त्या कापाव्या लागतील, आणि कापल्यावर परत जोडता येत नाहीत. आमच्या गल्लीच्या टोकाला हमीदचाचांचं सायकलचं दुकान आहे. त्यांनी नळीला हात लावला आणि काढून घेतला. म्हणाले, बेटी, मी चाळीस वर्षं पंक्चर काढून राहिलो, दोन लाखाच्या वस्तूवर करवत चालवायला सांगू नको.

मी म्हटलं, आज कापायचंच नाही. आधी कच्चे टाके.

म्हणजे कापड कापायच्या आधी दोऱ्याने नुसतं धरून घालून बघतात, तसं. गाद्या मागे, सीट पुढे, नळ्या जितक्या आत जातील तितक्या, आणि हात जिथे यायला पाहिजेत तिथे मी नळीवर चिकटपट्टी गुंडाळली. म्हटलं, दहा दिवस असंच चालव, रोज येऊन सांग कुठे ताणतं. ती रोज औशाच्या रस्त्याने जाऊन यायची. पहिल्या दिवशी मान. तिसऱ्या दिवशी उजवं कोपर. मी रोज अर्धं बोट इकडे, अर्धं बोट तिकडे. गाद्यांवर घामाने कोपर घसरायचं, म्हणून मी त्यांना टॉवेलच्या कापडाच्या खोळी शिवल्या, आतून पातळ स्पंज. सर रोज घड्याळ लावायचे आणि वेळ लिहून ठेवायचे. आठव्या दिवशी म्हणाले, भाभी, आता हात लावू नका, बसली.

मग हमीदचाचांनी बिस्मिल्ला म्हणून करवत धरली. मी म्हटलं, खुणेच्या एक बोट पुढे कापा. सर म्हणाले, का? मी म्हटलं, राहू द्या थोडी. नळ्या कापल्या म्हणून आतली गिअरची वायरही बदलायची होती, तेव्हा चाचा जुनी वायर ओढून काढणार होते. मी ओरडले, चाचा, थांबा. नेफ्यातला जुना नाडा आधी ओढला तर नवा घालायला मरण येतं. जुन्याच्या टोकाला नवा बांधायचा आणि मग ओढायचा. आम्ही नव्या वायरचं टोक जुनीला दोऱ्याने घट्ट गुंडाळलं आणि मागून हळूहळू ओढलं. सरकन आली. चाचा म्हणाले, चाळीस वर्षं फुकट गेली माझी. दिवसभर गिऱ्हाइकांना तेच सांगत बसले.

नांदेडला निवडीच्या दिवशी सरांनी मागचं चाक त्यांच्या ओळखीच्याकडून आणलं, तारा नसलेलं, परातीसारखं भरीव. मी पहिल्यांदा शर्यत बघायला गेले. वीस किलोमीटर. ती गेली तेव्हा मी डोळे मिटले होते. आली तेव्हा उघडे होते. लांबून नुसता एक ठिपका, मग दोन कोपरं, मग डोकं. मला वेळ-बिळ काही कळत नाही, ताई. मी तिच्या पाठीकडे बघितलं. पाठीवर एक सुरकुती नव्हती. खांदे खाली, कोपरं गाद्यांवर जशी शिवलेली. मी सरांना म्हटलं, बसली. सर घड्याळ बघत होते, त्यांनी ऐकलं नाही. तिसरी आली, चौथ्या पोरीच्या चार सेकंद पुढे, म्हणजे संघात गेली. चार सेकंद म्हणजे सुईत दोरा ओवायला लागतात तेवढे. सर तिथेच रस्त्यावर नाचले, शिक्षक माणूस. आफरीनच्या अब्बांना फोन केला तर मिलच्या आवाजात त्यांना काही ऐकूच येईना, मग आख्खी चाळणी बंद करून घेतली त्यांनी.

आणि पुढच्या वर्षी ती वाढली, बरं का. दोन बोटं. गाद्या पुढे सरकवल्या, आणि ते एक बोट जास्ती ठेवलं होतं ते कामाला आलं. आफरीनचे अब्बा सरांना म्हणाले, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? सर म्हणाले, तुमच्यापुढे हात जोडले.

नांदेडच्या त्या शर्यतीत एका पोराच्या वडिलांनी माझ्या खोळी बघितल्या. त्यांनी दोन जोड्या मागवल्या. मग पुण्याहून एकाने मागवल्या, मग त्याच्या मित्रांनी. मी फोन उचलते, अजूनही हात घामेजतो, पण उचलते. पहिला प्रश्न विचारते, वाकून माप घेतलं का? गणवेशाचे पैसे घरात, खोळींचे पैसे गटाच्या हप्त्याला, असं ठरवलं होतं.

गेल्या मंगळवारी सुलोचनाबाईंच्या ओट्यावर गट बसला. मी शेवटचे चार हजार दोनशे ठेवले. त्यांनी मोजले, रजिस्टर माझ्याकडे फिरवलं, मी सावकाश माझं पूर्ण नाव लिहिलं. बाया टाळ्या वाजवायला लागल्या, मला कुठे बघू कळेना. लाख रुपये, व्याजासकट, सगळे फिटले.